पोकरच्या थेट स्पर्धेत काय बोलावे, कोणाशी बोलावे आणि बाचाबाची कशी आवरावी

ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला आणि मोबाइलवर पोकर शिकलेल्या मुंबई-पुण्याच्या, नाशिक-कोल्हापूरच्या अनेकांसाठी जवळची वाट उरली ती गोव्याची. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर स्पर्धेला बसलेल्या या मंडळींचे पत्त्यांचे गणित बहुधा पक्के असते. कच्चा असतो तो माणसांशी वागण्याचा भाग. फोनवर समोरच्याची बडबड एका बटणाने बंद करता येत होती. थेट स्पर्धेत तीच बडबड शेजारच्या खुर्चीवरून तासन्‌तास ऐकावी लागते, आणि ती खुर्ची काही आपण निवडलेली नसते. रोख पैशांच्या टेबलावर एखादा माणूस पटला नाही, तर चिप्स उचलून दुसरीकडे बसता येते. स्पर्धेत मात्र जागा सोडतीने मिळते, खेळाडू कमी झाल्याने टेबल मोडले किंवा टेबलांवरील खेळाडूंची संख्या सारखी करायची झाली तरच ती बदलते, आणि तोवर जे सात-आठ जण वाट्याला आले त्यांच्यासोबतच बसावे लागते.

पुढील मार्गदर्शन वाचताना एक सूत्र ध्यानात ठेवावे. बोलण्यासंबंधीचे बहुतेक नियम बोलणाऱ्या दोघांसाठी नसून त्यांच्या बोलण्याने ज्याचे नुकसान होऊ शकते अशा तिसऱ्या माणसासाठी आहेत. स्पर्धेत एक खेळाडू बाद झाला की उरलेल्या सर्वांची बक्षिसाची शक्यता बदलते, त्यामुळे दोघांमधली सहज वाटणारी गोष्टही खऱ्या अर्थाने खासगी राहत नाही. दिवाळीत घरी तीन पत्ती खेळताना समोरच्याला डिवचणे आणि पत्ते टाकलेल्याने तोंडी पंचगिरी करणे हा करमणुकीचा भाग असतो. ती सवय घेऊन स्पर्धेला गेलेला माणूस पहिल्या तासातच डीलरचा, म्हणजे पत्ते वाटणाऱ्याचा, रोष ओढवून घेतो.

बसण्यापूर्वी

जगभरातील मोठ्या स्पर्धा बहुतांशी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांवर चालतात. मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्ह लॅम्ब यांनी 2001 मध्ये ही संस्था उभी केली, कारण तोपर्यंत प्रत्येक कॅसिनोचे नियम निराळे होते आणि त्यातूनच निम्मी भांडणे उभी राहत. या नियमांवर आयोजक आपापल्या अटी जोडतात. म्हणून नोंदणी करतानाच तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: डाव चालू असताना कोणत्या भाषा चालतात, फक्त दोघेच खेळाडू उरले असतील तर आपल्या पत्त्यांविषयी बोलण्याची मुभा आहे का, आणि फोन केव्हा बाजूला ठेवावा लागतो.

यातला भाषेचा मुद्दा मराठी माणसाने विशेष गांभीर्याने घ्यावा. अमेरिकेतील अनेक स्पर्धांत डाव चालू असताना फक्त इंग्रजी बोलावे असा नियम असतो, आणि इतरत्र बहुधा इंग्रजीसोबत स्थानिक भाषा चालते. गोव्यात व्यवहार प्रामुख्याने हिंदी-इंग्रजीत होतो. समजा, ठाण्याचे दोन मित्र सोडतीत एकाच टेबलावर आले आणि पत्ते वाटलेले असताना एकाने दुसऱ्याला मराठीत विचारले, ‘काय रे, जेवणाची सुट्टी किती वाजता आहे?’ प्रश्न निरुपद्रवी आहे, पण शेजारी बसलेल्या दिल्लीच्या किंवा हैदराबादच्या खेळाडूला तो कळत नाही. त्याला फक्त एवढेच दिसते की पॉटमध्ये (डावात लावलेल्या एकूण रकमेत) त्याचे पैसे असताना दोन ओळखीची माणसे त्याला न कळणाऱ्या भाषेत काही ठरवत आहेत. त्याने तक्रार केली तर ती रास्तच ठरते. डाव संपला की मराठीत मनसोक्त बोलावे, आणि पत्ते वाटले गेले की सर्वांना कळेल त्याच भाषेत बोलावे किंवा गप्प राहावे. आपण एकमेकांचे मित्र आहोत हे टेबलाला आधीच सांगून टाकणे तर फारच उत्तम, कारण लपवलेली ओळख नंतर उघड झाली की तुमच्या साध्या फोल्डकडेही (पत्ते टाकण्याकडेही) संशयाने पाहिले जाते.

पहिली दोन आवर्तने (टेबलाभोवतीच्या फेऱ्या): माणसे ओळखण्यासाठी

सुरुवातीला ब्लाइंड (पाळीपाळीने लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या रकमा) लहान असतात, त्यामुळे चुकांची किंमतही कमी असते, आणि माणसे पाहायला यापेक्षा चांगली वेळ मिळत नाही. कोण कसे खेळतो याच्या नोंदी सगळेच मनात करतात; त्यासोबत कोण कसे बोलतो याचीही नोंद करावी. हेडफोन लावून बसलेल्या मुलाला बोलते करण्याच्या भानगडीत पडू नये. तो उद्धट नसतो, त्याला शांतता हवी असते एवढेच. सतत बोलणारा मनुष्य बहुधा निरुपद्रवी असतो, पण तो एकदम गप्प झाला तर त्या डावाकडे लक्ष द्यावे. रमतगमत खेळायला आलेले पन्नाशीतले व्यापारी गृहस्थ सर्वांशी हसून बोलतात, मात्र पंचविशीतल्या कोणी त्यांना ‘अरे, कॉल कर ना’ अशा एकेरीत घाई केली की त्यांचा चेहरा उतरतो आणि पुढचा तासभर ते त्या मुलाला प्रत्येक डावात अडवण्यासाठीच खेळतात. अनोळखी माणसाला अहो-जाहो करावे, हिंदीत ‘आप’ म्हणावे. यात काही खर्च होत नाही.

सर्वांत त्रासदायक असतो तो गुरुजी. दुसऱ्याने डाव जिंकला तरी तो कसा चुकीचा जिंकला हे तो समजावून सांगतो. त्याचे सांगणे पुष्कळदा बरोबरही असते, आणि नेमकी हीच गोष्ट टेबलाला घातक ठरते. नवख्या खेळाडूला त्याची चूक चारचौघांत दाखवली की तो एक तर शहाणा होतो किंवा दुखावून आखडता हात घेतो, आणि दोन्हींत बाकीच्यांचे नुकसान असते. खेळावर टीका करणे किंवा सल्ला देणे नियमानेही मना आहे. गुरुजींना उलट उत्तर न देता डीलरकडे एक नजर टाकली, तर बहुतेक डीलर स्वतःच त्यांना थांबवतात.

आपली पाळी आल्यावर

आपल्या पाळीला उच्चारलेला शब्द बंधनकारक असतो, आणि इथे गप्पिष्ट माणसाचे पैसे सर्वांत आधी जातात. ‘कॉल केला असता, पण…’ असे वाक्य सुरू केले आणि डीलरने पहिला शब्द ऐकून चिप्स मागितल्या, तर पुढचा वाद ‘मी तसे म्हणत नव्हतो’ या केविलवाण्या पायावर उभा राहतो. म्हणून पाळी आल्यावर चेक (काही न लावता पाळी पुढे देणे), कॉल (समोरच्याइतके लावणे), रेझ (वाढवणे), फोल्ड आणि ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणे) हे शब्द केवळ कृतीसाठी राखून ठेवावेत. विचार करताना टेबलावर बोटे आपटण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण तो चेक धरला जाऊ शकतो.

आकडा पूर्ण उच्चारावा. ब्लाइंड 200-400 असताना कोणी नुसते ‘पाच’ म्हटले, तर त्याचा अर्थ 500 घ्यायचा की 5,000? असोसिएशनच्या नियमाप्रमाणे पॉट 5,000 पेक्षा कमी असेल तर बेट (लावलेली रक्कम) 500 धरली जाते, आणि पॉट तेवढा किंवा त्याहून मोठा असेल तर 5,000. हा नियम टेबलावरच्या नऊपैकी दोघांनाही ठाऊक नसतो, त्यामुळे निर्णय योग्य लागला तरी ज्याच्या विरुद्ध लागतो त्याला आपण फसवले गेलो असेच वाटते. ‘पाचशे’ किंवा ‘पाच हजार’ एवढे म्हटले असते तर प्रश्नच उद्भवला नसता.

समोरचा प्रश्न विचारतो तेव्हा

मोठी बेट लावल्यावर प्रतिस्पर्धी बोलायला लागतो. ‘किती उरले तुझ्याकडे?’ हा प्रश्न नियमात बसतो, आणि त्यावर चिप्स नीट दिसतील अशा ठेवणे पुरेसे असते. ‘फोल्ड केले तर दाखवशील का?’ किंवा ‘फ्लश हुकला ना?’ (एकाच चिन्हाचे पाच पत्ते जमले नाहीत ना?) हे प्रश्न मात्र उत्तरासाठी नसतात. तुमचा आवाज, श्वास आणि उत्तराला लागलेला वेळ ऐकण्यासाठी असतात. 2003 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत, शेवटचे दोघे उरले असताना, ख्रिस मनीमेकर याने राजाखेरीज हातात काही नसताना रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्यानंतर, ऑल-इन केले. नव्व्यांची जोडी घेऊन बसलेल्या अनुभवी सॅमी फार्हाने त्याला फ्लश हुकला असेल ना, असे विचारले, आणि ते खरेच होते. मनीमेकर काही बोलला नाही. फार्हाने पत्ते टाकले आणि पुढे 25 लाख डॉलरचे पहिले बक्षीस मनीमेकरला मिळाले. हौशी खेळाडूने यातून घ्यायचे ते हेच की खरे-खोटे बोलण्यात आपण तरबेज नसलो तर प्रत्येक मोठ्या डावात सारखेच गप्प राहावे. चांगल्या पत्त्यांवर बोलायचे आणि बनावाच्या (ब्लफच्या) वेळी गप्प बसायचे, असे केले की चौथ्या-पाचव्या वेळी कोणीतरी ते ओळखतेच.

बोलून जिंकलेल्यांचीही उदाहरणे आहेत. 1998 च्या मुख्य स्पर्धेत स्कॉटी नुएन याने केव्हिन मॅकब्राइडला, तू कॉल केलास की सगळे संपलेच, असे हसत सुनावले. टेबलावरच्या सर्वांसाठी सामायिक पत्त्यांतच अठ्ठ्या-नव्व्यांचा फुल हाउस (तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते) मांडलेला होता, मॅकब्राइडने कॉल केला आणि नुएनकडे त्याहून मोठा फुल हाउस निघाला. एक वाक्य, तेही मैत्रीच्या सुरात, आणि विषय संपला. याच्या दुसऱ्या टोकाला 2016 च्या मुख्य स्पर्धेतील विल कॅसूफ आहे. प्रत्येक निर्णयाआधी तो लांबलचक स्वगत म्हणे, आणि नव्वी हा सर्वांत मोठा पत्ता असताना बनाव यशस्वी झाल्याची त्याने मिरवलेली फुशारकी गाजली. बरोबरचे खेळाडू वेळ खाल्ल्याबद्दल आणि टोमण्यांबद्दल तक्रारी करत राहिले, त्याला दंडही झाला. अखेर ग्रिफिन बेंगर याने त्याला सर्वांदेखत फटकारले, आणि त्याच डावात राजांची जोडी घेतलेला कॅसूफ बेंगरच्या एक्क्यांपुढे 17 व्या क्रमांकावर बाद झाला. प्रेक्षकांना तो आवडला हे खरे आहे. तरीही त्या टेबलावर बसलेल्यांच्या जागी स्वतःला कल्पून पाहिले, तर हे अनुकरणीय आहे असे निदान मला वाटत नाही.

एक सक्त मर्यादा अशी की डावात तिघे किंवा अधिक असताना आपल्या पत्त्यांविषयी खरे किंवा खोटे काहीही सांगू नये.

पत्ते टाकल्यावर

नियमभंग सर्वाधिक होतात ते डावात नसलेल्यांकडून, आणि बहुतेक वेळा नकळत. समजा तुम्ही राजा-अठ्ठी टाकलीत, डावात दोघे उरले आणि फ्लॉप (टेबलावर उघडलेले पहिले तीन पत्ते) आला राणी, अठ्ठी, अठ्ठी. तुमच्या तोंडून ‘अरेरे’ निघाले किंवा हात कपाळाला गेला. आता उरलेल्या दोन अठ्ठ्यांपैकी एक बाद झाली आहे हे दोघांनाही कळले. ज्याच्याकडे एक्क्यांची जोडी आहे तो निर्धास्त कॉल करतो, आणि ज्याला तीन अठ्ठ्या असल्याचे भासवायचे होते त्याचा बनाव तुमच्या एका उसाशाने बुडतो. त्याने तुमच्याकडे रागाने पाहिले तर चूक तुमची आहे. लगेच ‘माफ करा’ म्हणावे, बाजू मांडत बसू नये. पत्ते टाकल्यावर खुर्चीत मागे रेलून बसण्याची आणि फ्लॉपऐवजी खेळाडूंच्या चेहऱ्यांकडे पाहण्याची सवय लावून घेतली, तर उद्गार आपोआप कमी होतात आणि माहितीही अधिक मिळते.

बक्षिसांच्या उंबरठ्यावर, म्हणजे बबलच्या वेळी, आणखी एक धोक्याचे वाक्य ऐकू येते. कमी चिप्सवाला ऑल-इन गेलेला असतो, दोघांनी कॉल केलेले असते आणि त्यातला एक दुसऱ्याला म्हणतो, ‘चला, आपण चेक-चेक करत जाऊ.’ दोघांनी स्वतंत्रपणे चेक करणे हा डावपेच आहे. तोंडाने किंवा खुणेने तसे ठरवणे ही संगनमताची कृती आहे आणि त्यासाठी दंड होतो. तुम्हाला कोणी असे सुचवले तर मान डोलावणेही टाळावे आणि आपला डाव आपण खेळावा.

खटका उडाल्यावर

कितीही जपले तरी कधी तरी कोणाशी वाजतेच. एखाद्याचे एक्के तुमच्या सत्ती-अठ्ठीने हरतात आणि तो चिडून म्हणतो, ‘असल्या पत्त्यांवर कोणी कॉल करते का? अक्कल आहे का?’ इथे पहिला उपाय मौन हाच आहे. ‘नशीब माझे’ एवढे म्हणून चिप्स रचायला लागावे. त्याच्या हरण्याची सल एक-दोन डावांत ओसरते, आणि अशा अवस्थेत तो जे पैसे गमावतो ते कोणाकडे तरी येणारच असतात.

दुसऱ्यांदा तसेच झाले तर त्याच्याशी न बोलता डीलरशी बोलावे, शांतपणे आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात: ‘डीलर, यांना खेळावर टीका न करण्याबद्दल सांगाल का?’ तिसऱ्या वेळी ‘फ्लोअर’ म्हणून अधिकाऱ्याला बोलवावे. अधिकारी आल्यावर अनेक जण घोटाळा करतात, कारण ते समोरच्याचा स्वभाव सांगू लागतात. ‘हा मघापासून त्रास देतोय’ या तक्रारीवर अधिकारी काहीही करू शकत नाही. ‘आत्ताच्या डावात रिव्हरनंतर यांनी मला असे म्हटले, त्याआधी डीलरने एकदा समज दिली होती’ या सांगण्यावर तो डीलरला विचारून निर्णय देऊ शकतो. काय घडले, केव्हा घडले आणि नेमके शब्द कोणते, एवढेच सांगावे. निर्णय विरुद्ध गेला तरी तिथेच वाद वाढवू नये; वाटल्यास सुट्टीत टूर्नामेंट डायरेक्टरला भेटावे. मात्र घडलेल्या गोष्टीने चालू डावाच्या निकालावर परिणाम होणार असेल तर अधिकाऱ्याला ताबडतोब, पुढचा पत्ता उघडण्याआधी बोलवावे लागते.

दंड समजेपासून सुरू होतात आणि एक डाव बाहेर, एक आवर्तन बाहेर असे वाढत स्पर्धेतून काढून टाकण्यापर्यंत जातात. आवर्तनाच्या दंडाची किंमत काढून पाहावी. ब्लाइंड 1,000-2,000 आणि बिग ब्लाइंड अँटी (मोठा ब्लाइंड लावणाऱ्याने सर्वांतर्फे भरायची जादा रक्कम) 2,000 असताना एका आवर्तनात 5,000 चिप्स जातात. तुमच्याकडे 40,000 असतील, तर एका शिवीचे मोल म्हणजे आठवा हिस्सा, आणि त्या काळात तुम्हाला आलेले चांगले पत्तेही मक (बाद) होतात. नामांकितही यातून सुटत नाहीत. 1989 चा विजेता फिल हेलम्युथ 2008 च्या मुख्य स्पर्धेत क्रिस्टियन ड्रागोमिरला वाट्टेल तसे बोलला आणि त्याला एका आवर्तनाचा दंड झाला. वर्ल्ड सिरीजचे तेव्हाचे आयुक्त जेफ्री पोलॅक यांनी तो नंतर रद्द केला आणि त्यावर बरीच टीका झाली. सामान्य खेळाडूने अशा माफीची आशा धरू नये.

वेळेवरून होणारे खटके याहून वेगळे असतात. कोणी फार वेळ घेत असेल तर ‘क्लॉक’ मागता येते. अधिकाऱ्याला पुरेसा वेळ गेला आहे असे वाटले तर खेळाडूला 25 सेकंद आणि वर पाच सेकंदांची उलटी मोजणी मिळते. हा हक्क आहे, अपमान नव्हे. तरी समोरच्याने संपूर्ण स्पर्धा पणाला लावलेली असेल तर त्याला जरा जास्त वेळ द्यावा, आणि दर डावात मुद्दाम रेंगाळणाऱ्याला देऊ नये. जिंकणारे पत्ते हातात असताना ते मुद्दाम उशिरा उघडून समोरच्याला क्षणभर आशेवर ठेवणे, ज्याला स्लोरोल म्हणतात, हे अनेक ठिकाणी दंडाला पात्र ठरत नाही. पण टेबल ते विसरत नाही.

दारू चढलेल्या माणसाशी तर्क करू नये, थेट फ्लोअरला सांगावे. स्त्री खेळाडूला उद्देशून झालेल्या शेरेबाजीबाबत पहिल्या-दुसऱ्या वेळेची पायरीही पाळू नये, आणि तक्रार करण्याचे काम तिच्यावर टाकू नये. शेजारी बसलेल्या कोणीही ‘डीलर, फ्लोअर’ एवढे म्हटले तरी बोलणाऱ्याला आपल्या बाजूने कोणी नाही हे कळते. पुरुषांनी भरलेल्या टेबलावर सगळे पत्त्यांत डोके घालून बसतात, ते बरोबर नाही.

खटक्यानंतर पुढचे दोन-तीन डाव मनावर विश्वास ठेवू नये. ज्याने डिवचले त्याच्याविरुद्धच पॉटमध्ये शिरण्याची ओढ होते, म्हणून या डावात तो नसता तर मी हे पत्ते खेळलो असतो का, असे स्वतःला विचारावे. उत्तर नाही असेल तर पत्ते टाकून उठावे, पाणी प्यावे, डेकवर चक्कर मारून यावे. चुकलेल्या दोन डावांची किंमत थोडी असते.

अंतिम टेबलावरील वाटाघाट

शेवटचे चार-पाच जण उरले की उरलेली बक्षिसे वाटून घेण्याची भाषा सुरू होते, आणि दिवसभर गोड बोललेली माणसे इथे कडू होतात. कारण व्यावहारिक असते. चिप्सच्या प्रमाणात वाटणी केली तर सर्वाधिक चिप्सवाल्याचा फायदा होतो, आणि आयसीएम पद्धतीने, म्हणजे प्रत्येक क्रमांक मिळण्याची शक्यता मोजून, प्रत्येकाचा अपेक्षित वाटा काढला तर कमी चिप्सवाल्याला बरे पडते. म्हणून कोणाच्याही तोंडी हिशेबावर हो म्हणू नये. आयोजकांची परवानगी आहे का ते आधी विचारावे, घड्याळ थांबवून घ्यावे, दोन्ही पद्धतींचे आकडे त्यांच्याकडूनच काढून मागावेत, आणि कापला जाणारा कर धरून हातात किती येणार हेही विचारावे. एकालाही मान्य नसेल तर वाटणी होत नाही आणि त्याने कारण देण्याची गरज नसते. त्याच्यावर ‘सर्वांचे नुकसान करतोय’ असा दबाव सुरू झाला तर डीलरला पत्ते वाटायला सांगावे. सगळ्यांचा होकार असल्यास प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम लिहून टूर्नामेंट डायरेक्टरसमोर एकेकाकडून तोंडी संमती घ्यावी, आणि पहिल्या क्रमांकासाठी काही रक्कम राखून खेळ पुढे चालणार असेल तर तीही त्याच कागदावर लिहून घ्यावी.